घोड्याचे कान, माणसाची दुर्बीण

आज आपण मनाने अमेरिकेतील यलोस्टोनच्या रानात जाऊ. १८७२ साली स्थापन झालेले हे राष्ट्रीय उद्यान सुमारे ९,००० चौरस किलोमीटर पसरलेले आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्याला थरोफेअर म्हणतात. सर्वांत जवळचा मोटाररस्ता तेथून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ३० किलोमीटर दूर! पायी जा, नाहीतर घोड्यावर. आपण घोडा घेऊ, आणि आठवड्याचे सामान खेचरांवर लादू.

निघण्यापूर्वीच पदार्थविज्ञानाचा धडा मिळतो. खेचराच्या दोन्ही अंगांना लटकवायच्या पेट्या वाटाड्या काट्यावर तोलून घेतो. का बरे? खेचराची पाठ म्हणजे तरफेचा टेकू. एक पेटी थोडी जड झाली, तरी चढउतारावर तासन्‌तास हिंदकळून खोगीर त्या बाजूला सरकते आणि पाठीला जखम होते. बरोबर सुके गवत मात्र नेता येत नाही. त्यातले बी सांडले, तर परके तण रानात माजेल.

आता घोड्यावर बसा. तुमच्या मांडीखाली एक उत्तम उपकरण आहे, हे ध्यानात असू द्या. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांतले दिसते. आपल्याला जेमतेम १८० ते २०० अंशांतले. शेपटीमागचा आणि नाकापुढचा चिंचोळा भाग तेवढा त्याला दिसत नाही. म्हणून त्याच्या मागून मुकाट्याने कधी जाऊ नका. बोलत जा, नाहीतर लाथ खाल!

कानांची गोष्ट याहून मौजेची. आपल्याला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घोड्याला सुमारे ३३,००० पर्यंतचा. शिवाय त्याचे दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना वळतात. पण आवाज नेमका कोठून आला हे ठरवण्यात तो कच्चा आहे. आपली चूक एखाद्या अंशाची होते, त्याची पंचवीसेक अंशांची. म्हणून कान टवकारले की तो थांबतो, मान उंच करतो आणि डोळ्यांनी शोधू लागतो. येथे तुमचे काम सुरू होते. काहीतरी आहे, हे घोडा सांगतो; काय आहे आणि नेमके कोठे, हे तुम्ही दुर्बिणीने पाहायचे.

नदीकाठच्या झुडपांत कधी मूस उभा असतो, कधी एल्कचा कळप. नशीब असेल तर लांडगा. १९२६ नंतर येथे लांडग्यांची टोळी उरली नव्हती, सारे मारले गेले होते. १९९५ आणि १९९६ साली कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले, आणि आज दिसतात ते बहुतेक त्यांचेच वंशज. मला विचाराल तर हा या उद्यानातला सर्वांत मोठा प्रयोग आहे.

पण झुडपात पिलांसह ग्रिझली अस्वलीण असली तर? तिला अचानक गाठणे यासारखा दुसरा धोका नाही. ती ताशी ५० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावू शकते, तेव्हा घोडा चौखूर उधळून सुटण्याचा विचार सोडा; दगडधोंड्यांत तुम्हीच पडाल. घोडे एकत्र ठेवायचे, शांतपणे बोलायचे, हळूहळू मागे फिरायचे. अस्वल व लांडगा यांच्यापासून किमान ९० मीटर दूर राहावे असा नियमच आहे. घोड्याने कान टवकारूनही तुम्ही पुढचे वळण ओलांडलेत, तर हे अंतर पाळणार कसे?

संध्याकाळी मुक्काम. अन्न दोरीने जमिनीपासून तीन मीटर उंच टांगायचे. तंबू स्वयंपाकाच्या जागेपासून दूर आणि चढावर असावा. सूर्य मावळला की उतारावरची हवा थंड व जड होऊन पाण्यासारखी खाली वाहू लागते, आणि स्वयंपाकाचा वास तिच्याबरोबर खाली जातो. दिवसा वारा उलट, चढावर वाहतो. तेव्हा वरच्या बाजूच्या प्राण्यांना तुमची वर्दी आधीच मिळालेली असते.

घोड्यांना पायबंद घालून चरायला सोडतात. एरवी भाषणांतून भेटणारा हा शब्द मूळचा घोड्याचा, बरे का! एकाच्या गळ्यात घंटा असते. चरताना ती किणकिणत राहते. ती एकाएकी थांबली, तर घोड्याने मान वर केली आहे असे समजावे. मग विजेरी लावा. घोड्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे ते चमकतील. अस्वलाच्या आणि लांडग्याच्या डोळ्यांतही असा थर असतो. तेव्हा चमकणाऱ्या डोळ्यांच्या जोड्या नीट मोजा. घोडे आणि खेचरे यांच्यापेक्षा एक जोडी जास्त भरली, तर वाटाड्याला उठवा.