बर्फावरचा वेग आणि फोटोचा कॅमेरा

गुलमर्गला स्कीइंगचं चित्रण करायला निघालेली मंडळी मला हमखास विचारतात, "कॅमकॉर्डर न्यावा की फोटोचा कॅमेरा?" हा प्रश्न खरा सुरू झाला २००८ मध्ये. त्या वर्षी निकॉनचा डी-९० आणि कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला, आणि लेन्स बदलता येणारा फोटोचा कॅमेरा व्हिडिओही टिपू लागला. या कॅननचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. घरगुती कॅमकॉर्डरचा त्यापुढे नखाएवढा. मोठ्या सेन्सरमुळे मागची झाडं धूसर होतात आणि खेळाडू उठून दिसतो.

पण हा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. कॅमेरा झर्रकन वळवला, की उभी झाडं तिरकी दिसतात. बर्फाच्या पांढरेपणाने कॅमेरा फसतो आणि सगळं करडं करतो. म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवावं. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते; जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी.

जुन्या कॅमेऱ्यांत फोकस हातानेच सांभाळावा लागे. आजचे कॅमेरे धावत्या माणसावर तो बऱ्यापैकी टिकवतात. म्हणून माझं उत्तर असं: खेळाडू कुठून येणार हे आधी ठरलं असेल, तर जुनाही फोटोचा कॅमेरा चालेल; नसेल, तर कॅमकॉर्डर बरा. कारण कोऱ्या बर्फावरची पहिली रेघ एकदाच उमटते.