एक वचन नको, पुरा अध्याय वाचा



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "मिरची कांडपाच्या मशीनसाठी मला 50,000 रुपये कर्ज पाहिजे. आज सकाळीच मोबाईलवर वचन आलं, देवाच्या मनात माझं भलंच आहे. आता हप्त्याची काळजी कशाला?"

वचन होतं यिर्मयाच्या 29व्या अध्यायातलं अकरावं. आमच्या सदरमध्ये कितीतरी घरांच्या भिंतीवर ते लावलेलं दिसतं. मी म्हटलं, "ताई, पुरा अध्याय वाचू या का?"

वाचलं तेव्हा कळलं, हे तर पत्र आहे! इ.स.पू. 597 मध्ये नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेमचे लोक धरून बाबेलला नेले. यिर्मया संदेष्ट्यानं हे पत्र त्यांना पाठवलं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा माणूस सांगतो, दोन वर्षांत सगळं ठीक होईल. यिर्मया म्हणतो, 70 वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि मग येतं ते अकरावं वचन.

ताई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हे वचन माझं नाही?"

तुझंही आहे ताई. देव तोच आहे. पण हे वचन ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं, त्यातल्या कितीतरी जणांना घरी परतणं दिसलंच नसेल. त्यांनी विश्वास ठेवायचा होता आणि रोजचं कामही करायचं होतं. हप्ता आपोआप फिटेल, असं देवानं तिथं म्हटलेलं नाही.

तोडून घेतलेलं वचन धोक्याचंही असतं. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान 91व्या स्तोत्रातलंच वचन सांगून येशूला मंदिरावरून उडी मारायला सांगतो. येशू शास्त्रातूनच उत्तर देतो, की देवाची परीक्षा पाहू नये.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं. 1922 मध्ये वारल्या, तोवर त्या हेच काम करत होत्या. साध्या बाईला स्वतः वाचून समजावं, हीच त्यांची तळमळ. मग आपण एका ओळीवर का थांबावं?

वाचताना तीन गोष्टी विचारा. कोण, कोणाला बोलतंय? आधी आणि नंतर काय लिहिलं आहे? तेव्हा त्या लोकांवर काय वेळ आली होती? तुमच्या घरी पोथी असो की गाथा, हे तीन प्रश्न तिथंही कामी येतात.

मग देव वाट दाखवतो ती कशी? प्रार्थनेतून, पुऱ्या शास्त्रातून, जाणत्या माणसांच्या सल्ल्यातून, आणि त्यानंच दिलेल्या अकलेतून. कागदावर हिशेब मांडला म्हणून विश्वास कमी होत नाही.

या महिन्यात ताई वही घेऊन आली. उन्हाळ्यात काम भरपूर, पावसाळ्यात कमी, विजेचं बिल वेगळं, सगळं मांडलेलं. म्हणाली, "आधी 15,000 द्या. मिरची दुसऱ्याकडून कांडून घेते, विकून पाहते. मशीनचं पुढच्या वर्षी बघू."

गटानं एकमतानं कर्ज मंजूर केलं. बैठक संपताना प्रार्थनाही तिनंच केली.