विंडोज बदलण्यापूर्वी मराठी अक्षरे सांभाळा

विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, त्यामुळे या घटनेची दखलही फारशी घेतली गेली नाही. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील देवस्थान समित्या, वाचनालये, भजनी मंडळे, हायस्कुले यांच्या कपाटाशेजारचे जुने संगणक आजही सकाळी सुरू होतात आणि पत्रे छापून देतात. थांबला आहे तो दरमहा येणारा सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा ओघ.

या दुरुस्त्यांचे मोल मे २०१७ मध्ये जगाला कळले. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने त्या वेळी अनेक देशांतील संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी पैसे मागितले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती दोन महिने आधीच प्रसिद्ध झाली होती. ती न बसवलेले संगणक प्रामुख्याने बळी पडले. विंडोज १० च्या वाट्याला तर वाढीव मुदतीची नोंदणी केल्याशिवाय यापुढे अशी नियमित दुरुस्तीच येणार नाही.

घाई मात्र करू नये. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत आहे. संगणकावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असेल आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला, तर ती विनामूल्य मिळते. ‘सेटिंग्ज’मधील ‘विंडोज अपडेट’च्या पानावरून तिच्यासाठी नोंदणी करता येते. हा अवधी पुढील तयारीसाठी वापरावा.

आपला संगणक विंडोज ११ पेलू शकतो का, हे मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या मोफत साधनावरून समजते. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी बहुतेक संगणक पूर्ण करतात. अडते ते प्रोसेसरपाशी आणि ‘टीपीएम २.०’ या सुरक्षा-घटकापाशी. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. टीपीएम मात्र अनेकदा संगणकात असतो, केवळ बंद ठेवलेला असतो. तंत्रज्ञ तो बायोसमध्ये जाऊन सुरू करू शकतो. तेवढ्यासाठी नवा संगणक घेण्याचे कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. गोव्यातील संस्थांकडे मराठीचे जे संगणकीय दप्तर आहे, त्यातील कितीतरी भाग युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेला आहे. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींवर वार्षिक अहवाल, स्मरणिका, नाट्यसंहिता, सभांची इतिवृत्ते तयार झाली. या जुन्या फाँटची युक्ती अशी होती, की इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवायचा. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचाच असे. फाँट त्याला केवळ मराठीचा मुखवटा चढवी. फाँट गेला, की मुखवटा गळून पडतो आणि खालची निरर्थक चिन्हे तेवढी उरतात. चवथीच्या सुमारास आमच्या टेबलावर असे मजकूर आजही येतात. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर ते शुद्ध मराठी असतात, आमच्या पडद्यावर नुसता चिन्हांचा चुरा.

कार्यप्रणाली बदलताना नेमके हेच घडते. दुकानात दिलेला संगणक ‘फॉरमॅट मारून’ परत येतो. ‘डी ड्राइव्हवरचे सगळे तसेच आहे’ असे दुकानदार सांगतो आणि ते खरेही असते. पण फायली डी ड्राइव्हवर असल्या, तरी फाँट सी ड्राइव्हवरील विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरमध्ये होता. तो पुसला गेलेला असतो. फाईल हाती असते, पण वाचता येत नाही.

म्हणून सर्वप्रथम ते फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे. विंडोज १० मध्ये काही फाँट केवळ एका वापरकर्त्यापुरते बसवलेले असतात आणि ते त्याच्या ‘ॲपडेटा’मध्ये वेगळे राहतात, तेही घ्यावेत. टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी आणि डोंगल शोधून ठेवावे आणि ते विंडोज ११ वर चालेल का, हे विक्रेत्याला आधीच विचारावे. विंडोज ११ केवळ ६४ बिटी स्वरूपात मिळते. नव्वदच्या दशकातील १६ बिटी प्रोग्राम त्यावर चालत नाहीत. शिवाय ३२ बिटी विंडोज १० वरून थेट विंडोज ११ वर जाता येत नाही. सर्व पुसूनच नव्याने बसवावे लागते.

मजकूर वाचता येतो आहे तोवरच महत्त्वाच्या प्रत्येक फाईलची पीडीएफ करून ठेवणे, हा सर्वांत स्वस्त विमा. फाँट पीडीएफच्या पोटात जात असल्याने ती कुठेही वाचता येते. त्यानंतर सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर करावे. त्यासाठी परिवर्तक उपलब्ध आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी साठवली जाते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. रफाराचा क्रमही बदलतो. ‘वार्षिक’ या एका शब्दात दोन्ही अडचणी एकत्र येतात आणि ‘अधिकाऱ्यांना’, ‘पुजाऱ्यांचे’ यांतील ऱ्य तर हमखास बिघडतो. महाजनांच्या यादीत नावाचा रफार चुकला तर काय होते, हे देवस्थान समितीच्या सचिवाला सांगायला नको. मुद्रितशोधन माणसानेच करावे.

नव्या कार्यप्रणालीत मराठी लिहिण्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही मराठी कळफलक विंडोजमध्येच आहेत. जुन्या फायलींतील ‘मंगल’ फाँट दिसला नाही, तर ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरीचे पूरक फाँट उतरवून घ्यावेत.

प्रत्यक्ष बदल पावसाळ्यातील गडगडाटी संध्याकाळी करू नये. मध्येच वीज गेली, तर अर्धवट बसलेली प्रणाली उभी करणे कठीण जाते. डेस्कटॉप यूपीएसवर असावा, लॅपटॉप पूर्ण चार्ज केलेला. नवीन मांडणीत डिस्क आपोआप कूटबद्ध होऊ शकते. तिची रिकव्हरी की वहीत लिहून समितीच्या दप्तरात ठेवावी, एकट्या सचिवाच्या मोबाइलमध्ये नव्हे. जुन्या प्रणालीवरच विंडोज ११ बसवली असेल, तर दहा दिवसांच्या आत मागे फिरता येते. त्या दहा दिवसांत सर्वांत जुनी स्मरणिका, सर्वांत जुनी संहिता एकदा उघडून, छापून पाहावी.