कानाजवळून गेलेली गोळी

१४ जानेवारी १७६१ हा पानिपतच्या पराभवाचा दिवस पुण्याने अजून पुरता मागे टाकलेला नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तो पानिपतापर्यंतच्या दहा-अकरा वर्षांच्या पत्रांचा. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी त्या लढाईवर डेक्कन कॉलेजातर्फे १९४६ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ सालची. तिच्यातला माधवराव पानिपताचं ओझं घेऊनच गादीवर बसतो. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ सालची. या सगळ्यांचा धडा एकच आहे : जे घडलं ते कसं घडलं आणि का घडलं.

जे घडलंच नाही त्याची कथा मात्र एका खगोलशास्त्रज्ञाने लिहिली. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही जयंत नारळीकरांची कथा मला त्यांच्या लेखनाचं नाक वाटते. विज्ञानकथाकार म्हणून त्यांची ओळख पक्की झाली, पण इतिहासाशी त्यांनी केलेल्या व्यवहाराकडे आपलं जावं तेवढं लक्ष गेलं नाही.

कथा अशी. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहाससंशोधक. पानिपताचा निकाल उलटा लागला असता तर काय झालं असतं, या विचारात चालले असताना त्यांना ट्रकची धडक बसते. शुद्धीवर येतात ते वेगळ्याच हिंदुस्थानात. आगगाडीने मुंबईला पोचावं तर तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे आणि युनियन जॅक फडकतो आहे. हाडाचा इतिहासकार अशा वेळी काय करील? पंत टाऊन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय गाठतात, स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड मागवतात आणि आपल्या ओळखीचा इतिहास नेमका कुठल्या पानावर सुटतो ते शोधू लागतात. ते पान पानिपताचं निघतं. भाऊसाहेबांच्या बखरीत तिथे पेशवेपुत्र विश्वासरावांच्या कानाला चाटून गोळी निघून गेलेली असते. आपण शिकलेल्या इतिहासात तीच गोळी त्यांना लागते, फौजेचा धीर खचतो आणि पुढचं सगळं होतं.

कथेचं मर्म मात्र या गोळीत नाही. जिंकल्यावर मराठ्यांनी काय केलं, यात ते आहे. नारळीकरांच्या कल्पनेतले पेशवे युरोपात उगवणारं यंत्रयुग वेळीच ओळखतात आणि विज्ञानाची, तंत्राची स्वतःची केंद्रं उभारतात. पुढे देश लोकशाहीकडे वळतो. विश्वासराव वाचले म्हणून भगवा अटकेपार पुन्हा फडकला, एवढ्यावर एखादा भाबडा लेखक थांबला असता. नारळीकरांना विजय पुरेसा वाटत नाही. ज्या दरबाराला नवं ज्ञान नको, त्याने लढाई जिंकली तरी शंभर वर्षांत त्याची तीच गत होईल, हे त्यांना ठाऊक आहे. पानिपतावर मराठीत एवढा शोक झाला, पण जिंकून आपण काय केलं असतं हा प्रश्न इतक्या रोखठोकपणे क्वचितच विचारला गेला.

पंत आपल्या जगात परततात तेव्हा त्या बखरीचं एक फाटकं पान त्यांच्या खिशात राहतं आणि पुरावा ठरतं. त्यानंतर राजेंद्र देशपांडे नावाचा शास्त्रज्ञ त्यांना आपत्ती-सिद्धान्त आणि पुंजभौतिकी समजावून सांगतो. ते स्पष्टीकरण लांबतं. पान पुढे ठेवून कथा तिथेच संपली असती तर अधिक बोचली असती, असं मला दर वाचनात वाटतं. पण लेखकाला चमत्कार नको होता, कारण हवं होतं, आणि त्यासाठी कलेत थोडं नुकसान सोसायची त्याची तयारी होती.

ही शिस्त त्यांना केंब्रिजमध्ये लाभली होती. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल हे विश्वरचनाशास्त्रातले बंडखोर. १९५७ सालच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ या कादंबरीचेही ते लेखक. पहिल्या दर्जाचा शास्त्रज्ञ कथा लिहितो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, हे शिष्याने जवळून पाहिलं. तरी स्वतः लेखणी उचलायला कारण घडलं ते अहमदाबादच्या एका परिसंवादात. व्याख्यान कंटाळवाणं होतं; टिपणं काढायला दिलेल्या कागदांवर त्यांनी कथाच लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथा-स्पर्धा ठेवली होती. नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हा लेखक जन्माला घातला. परिषदेतल्या मंडळींना त्यांचं अक्षर माहीत होतं, म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या हाताने उतरवून दिली. ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस मिळालं. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. मराठी विज्ञानकथेतल्या या मोठ्या प्रवासाचं पहिलं हस्तलिखित त्यांच्या अक्षरातलं आहे, याची नोंद ठळकपणे व्हायला हवी. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली. मुकुंदराव किर्लोस्करांनी आपल्या मासिकासाठी कथांचा लकडा लावला, आणि १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला.

त्यानंतरच्या कादंबऱ्यांपैकी ‘वामन परत न आला’ माझ्या विषयाला सर्वांत जवळची. गौरीबिदनूरला खोदकामात जमिनीखालून एक बंद पेटी निघते. आपल्याही आधीच्या, नष्ट झालेल्या प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेली. तिच्यातल्या ज्ञानातून एक यंत्रमानव उभा राहतो. तोच हा वामन. तीन पावलं मागितली म्हणून जागा दिली आणि त्या तीन पावलांत सगळं गेलं, ही पुराणकथा मराठी वाचकाच्या अंगात भिनलेली आहे. लेखकाने तिचा धाक यंत्राला जोडला. पुरातत्त्व, पुराण आणि संगणक अशी मोट मराठी कादंबरीत विरळाच बांधली गेली असेल. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेतही हीच हातोटी दिसते : डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते ती मोबियस पट्टीच्या भूमितीने.

या लेखनाला मर्यादा आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. पात्रं बहुधा एकाच रंगाची असतात. स्त्रिया कमी, आणि असल्या तर कडेला. संवाद कधीकधी वर्गातल्यासारखे होतात. पण कल्पनेचा सांधा घट्ट असतो : कथेत एक अशक्य गोष्ट गृहीत धरली की पुढे दुसरी लबाडी नाही.

१९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली, ते तिचे संस्थापक-संचालक झाले आणि लेखक पुणेकर झाला. धूमकेतूच्या भयाने घातलेल्या शांतियज्ञावर त्यांनी आधीच कथा लिहिली होती. पुण्यात त्यांनी अंधश्रद्धेची खरीखुरी चाचणीच घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० कुंडल्या जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून, कुठली हुशार मुलाची आणि कुठली मतिमंद मुलाची, याची उत्तरं दिली. त्यातली बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती.

‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नाशिकच्या ९४व्या संमेलनाचं अध्यक्षपद २०२१ साली त्यांच्याकडे आलं, पण प्रकृतीमुळे जाणं झालं नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर येईल, त्याखाली सही असेल. कथांइतकंच हेही त्यांचं मराठी लेखन आहे. ती कार्डं घराघरांतल्या वह्यांत, पेट्यांत पडून आहेत. पुण्यातल्या एखाद्या संस्थेने ती मागवून, प्रश्न आणि उत्तर दोन्ही जोडून, लवकर छापावीत. पोस्टकार्डाची शाई फार वर्षं टिकत नाही.