चौथ्या क्रमांकाचा मानकरी (लेखांक ११)

यान बॉसच्या दुसऱ्या ऑलिंपिक रौप्यपदकाच्या वेळी त्याच्या वरच्या पायरीवर जो डच स्केटर उभा होता, त्याचे नाव मागील लेखांकात ओझरते येऊन गेले. तथापि खेरार्ड फान फेल्डे याची कारकीर्द केवळ पदकांच्या तक्त्यावरून समजून घेता येत नाही, कारण त्या तक्त्यात तिचा दहा वर्षांचा भाग जवळजवळ कोराच दिसतो आणि नेमका तोच भाग या लेखमालेच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. बर्फावरच्या वेगात स्नायूंचा वाटा किती आणि पायातील साधनाचा किती, हा प्रश्न मागील काही लेखांकांत वारंवार उपस्थित झाला. फान फेल्डेच्या बाबतीत तो प्रश्न एका माणसाच्या आयुष्यात उतरला, म्हणून हा संपूर्ण लेखांक त्याच्यासाठी राखून ठेवणे योग्य होईल.

खेल्डरलांड प्रांतातील वापनफेल्ड या गावी ३० नोव्हेंबर १९७१ रोजी जन्मलेला फान फेल्डे १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा वीस वर्षांचा होता. नेदरलँड्स हा लांब पल्ल्याच्या स्केटरांचा देश. आर्ड शेंक याने १९७२ साली साप्पोरो येथे १५००, ५००० आणि १०,००० मीटर अशी तीन सुवर्णपदके मिळवली, त्याच ऑलिंपिकमध्ये ५०० मीटरच्या शर्यतीत मात्र तो पडला, आणि डच लोकांनी ते फारसे मनावर घेतले असे दिसत नाही. पुरुषांच्या ५०० मीटरमध्ये १९८० साली लिव्ह द बूर याचे कांस्य आणि १९८८ साली यान इकेमा याचे रौप्य, एवढीच त्या देशाची तोवरची ऑलिंपिक कमाई होती. अशा परिस्थितीत १८ फेब्रुवारी १९९२ रोजी या तरुणाने १००० मीटर अंतर १ मिनिट १४.९३ सेकंदांत कापले. जर्मनीचा ओलाफ त्सिंके १:१४.८५, कोरियाचा किम युन-मान १:१४.८६ आणि जपानचा युकिनोरी मियाबे १:१४.९२ अशा वेळा नोंदवून त्याच्या पुढे राहिले. म्हणजे कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकले आणि सुवर्णपदकही आठ शतांशांनीच दूर राहिले. त्या शर्यतीतील सरासरी वेग ध्यानात घेता एक शतांश सेकंदाचे अंतर सुमारे तेरा सेंटिमीटर भरते आणि आठ शतांशांचे सुमारे एक मीटर. आल्बेरव्हिलचे रिंगण उघड्यावर होते (ऑलिंपिकमधील वेगवान स्केटिंगसाठी वापरले गेलेले ते शेवटचे उघडे रिंगण), आणि उघड्या बर्फावर वारा, ऊन व बर्फाचा मऊपणा जोडीगणिक बदलत असताना तेरा सेंटिमीटरांवरून कोण श्रेष्ठ हे ठरवणे धाडसाचेच होते. १९९४ साली लिलेहामर येथेही त्याच्या हाती काही लागले नाही. आणि त्यानंतर पायातील स्केटच बदलला.

क्लॅप स्केटची रचना याआधीच्या लेखांकांत आलेली असल्यामुळे येथे तिचा कमी पल्ल्याच्या स्केटरांशी असलेला संबंध तेवढा पाहावयाचा आहे. जुन्या स्केटमध्ये पाते बुटाला चवड्याखाली आणि टाचेखाली अशा दोन्ही ठिकाणी पक्के जोडलेले असे; त्यामुळे रेट्याच्या अखेरीस स्केटरने टाच उचलली, तर पात्याचे टोक बर्फात रुतून वेग मोडे, आणि हे टाळण्यासाठी घोटा न उलगडता, गुडघा पूर्ण सरळ होण्यापूर्वीच पाय बर्फावरून उचलण्याची सवय प्रत्येक स्केटर बालपणापासून अंगी बाणवत असे. अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातील जैवयांत्रिकीचे अभ्यासक खेरिट यान फान इंगेन स्खेनाउ यांनी टाचेकडची जोडणी सोडवून चवड्याखाली बिजागरी बसवली, त्यामुळे टाच उचलली गेली तरी पाते बर्फाला टेकून राहू लागले आणि रेटा संपल्यावर ते स्प्रिंगने बुटावर येऊन आदळू लागले. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती, कारण कार्ल हानेस नावाच्या बव्हेरियन गृहस्थाने १८९४ सालीच अशा बिजागरीचे पेटंट घेतले होते. शिवाय १९८० च्या दशकात फान इंगेन स्खेनाउ यांचे नमुने तयार असूनही नामांकित स्केटरांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. १९९४-९५ च्या हंगामात दक्षिण हॉलंडमधील कुमार स्केटरांच्या एका गटाने ते वापरले, तेव्हा त्यांच्या वेळांत सरासरी ६.२ टक्के सुधारणा झाली, तर जुन्या स्केटवर धावणाऱ्या त्यांच्या बरोबरीच्या मुलांची सुधारणा २.५ टक्क्यांवरच थांबली. १९९७ च्या युरोपीय स्पर्धेत टोनी द योंग हिने याच स्केटवर गुंडा नीमान हिला मागे टाकले आणि वर्षभरात जुने स्केट जवळजवळ नाहीसे झाले.

कमी पल्ल्याचे स्केटर मात्र सर्वांत शेवटी वळले, आणि त्यांचा संशय निराधार नव्हता. ५०० मीटरच्या प्रारंभीची काही पावले घसरत जाण्याची नसून धावण्याची असतात. तेथे पात्याचे टोक बर्फात रोवून त्यावर सगळा भार टाकावा लागतो, आणि चवड्याखाली बिजागरी असेल तर तोच भार पायाखालून निसटतो की काय अशी धास्ती वाटते. त्याहून खोल अडचण अशी की, लांब पल्ल्याच्या स्केटरला नवा रेटा शिकण्यास प्रत्येक फेरीत अवधी मिळतो, परंतु स्प्रिंटरच्या हालचाली इतक्या जलद होतात की त्या विचाराने दुरुस्त करता येत नाहीत. पूर्वीची सवय जितकी पक्की, तितकी ती मोडणे अवघड. संशोधनाने पुढे या प्रकरणाला एक गमतीदार वळण दिले. टाच मोकळी झाल्याने पोटरीचे स्नायू अधिक काम करतील, असा प्रारंभीचा सिद्धान्त होता. अ‍ॅमस्टरडॅमच्याच अभ्यासकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत मात्र वाढलेल्या शक्तीचा उगम घोट्याऐवजी मुख्यतः गुडघ्याच्या कामात आढळला. याचा अर्थ, ‘घोटा वापरा’ असे सांगणाऱ्या उपदेशाने स्केटर चुकीच्या ठिकाणी लक्ष देण्याची शक्यता होती. शोध यशस्वी व्हावा आणि त्याचे स्पष्टीकरण मात्र बदलावे लागावे, असे या खेळाच्या इतिहासात एकदाच घडलेले नाही.

फान फेल्डेला नवे स्केट साधले नाहीत. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये इद्स पोस्टमा याने १००० मीटरचे सुवर्ण आणि बॉस याने रौप्य मिळवले, अवघ्या १६२ सेंटिमीटर उंचीच्या हिरोयासु शिमिझुने बिजागरीच्या स्केटवर ५०० मीटर जिंकून स्प्रिंटरांची धास्ती खोटी ठरवली, आणि त्या वेळी फान फेल्डे संघातही नव्हता. त्याने स्पर्धा सोडून मोटारविक्रीचा व्यवसाय धरला. डच क्रीडा-इतिहासात त्याची नोंद तेवढ्यावरच राहिली असती, तर आल्बेरव्हिलच्या निकालपत्रातील चौथ्या ओळीपलीकडे त्याचे स्मरण कोणी ठेवले असते, असे वाटत नाही.

तो परतला, हळूहळू बिजागरीशी जुळवून घेतले आणि २००२ साली सॉल्ट लेक सिटी येथे तिसाव्या वर्षी पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरला. ५०० मीटरच्या दोन धावांची बेरीज ६९.४९ सेकंद झाली, अमेरिकेच्या किप कार्पेंटरची ६९.४७, पुन्हा चौथा क्रमांक, या वेळी दोन शतांशांनी.

येथे एका वाचकाच्या पृच्छेचा परामर्श घेणे प्राप्त आहे. ५०० मीटरची शर्यत दोनदा का धावत असत आणि आता एकदाच का, असा तो प्रश्न होता. चारशे मीटरच्या रिंगणात आतली व बाहेरची अशा दोन मार्गिका असतात आणि दोघांचे अंतर समान राहावे म्हणून जोडीतील स्केटर समोरच्या सरळ भागात मार्गिका बदलतात. ५०० मीटरमध्ये दोनच वळणे असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला एक आतले आणि एक बाहेरचे येते. अंतर समान झाले तरी अडचण समान होत नाही. आतल्या वळणाची त्रिज्या सुमारे २५ मीटर असते, आणि दुसऱ्या वळणापाशी स्प्रिंटरचा वेग ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास पोचलेला असतो. या आकड्यांवरून हिशेब केला, तर त्याला वर्तुळात धरून ठेवण्यासाठी लागणारे बल त्याच्या स्वतःच्या वजनाइतके भरते. बाहेरच्या मार्गिकेवर तेच बल लक्षणीयरीत्या कमी लागते. म्हणून ज्याचे शेवटचे वळण बाहेरचे, त्याला थोडी सवलत मिळते. ऑस्लो विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ निल्स लिड योर्ट यांनी जागतिक स्प्रिंट स्पर्धांच्या निकालांवरून ही सवलत सुमारे पाच शतांश सेकंदांची असल्याचे दाखवले, आणि आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने नागानोपासून प्रत्येकाला दोन्ही मार्गिकांतून एकेकदा धावावयास लावून वेळांची बेरीज धरण्याचा नियम केला. २०१४ पर्यंत तो टिकला. २०१८ पासून ऑलिंपिकमध्ये पुन्हा एकच धाव आली. प्रेक्षकांच्या दृष्टीने एकच धाव अधिक रंगते हे खरे असले, तरी पाच शतांशांचा अन्याय ठाऊक असताना तो पुन्हा स्वीकारणे हे प्रस्तुत लेखकाच्या मते मागे घेतलेले पाऊल आहे. फान फेल्डेच्या वाट्याला मात्र या नियमाने एक निराळाच अनुभव आणला: दोन्ही मार्गिकांतून धावून झाल्यावर दोन शतांशांचा दोष चिठ्ठीवर ढकलण्याची सोयही उरली नाही.

त्या निकालानंतर चार दिवसांनी, १६ फेब्रुवारी २००२ रोजी, त्याने १००० मीटर १:०७.१८ मध्ये पूर्ण केले. कॅनडाच्या जेरेमी विदरस्पूनच्या नावावर असलेला विश्वविक्रम अर्ध्या सेकंदाहून अधिक फरकाने मोडला, बॉस १:०७.५३ घेऊन दुसरा आणि अमेरिकेचा जोई चीक १:०७.६१ घेऊन तिसरा आला. दहा वर्षे शतांशांत मोजल्या गेलेल्या माणसाने ३५ शतांशांनी सुवर्ण जिंकले.

आल्बेरव्हिलमधील त्याच्या वेळेशी तुलना केली तर ७.७५ सेकंदांचा फरक दिसतो, आणि तो सगळा त्याच्या पायांचा नव्हे. सॉल्ट लेक सिटीजवळचे केर्न्स येथील रिंगण बंदिस्त असून समुद्रसपाटीपासून १४०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असते, आणि स्केटरच्या शक्तीचा मोठा हिस्सा हवेचा रोध मोडण्यातच खर्च होत असल्याने विरळ हवेचा लाभ वेगात ताबडतोब उमटतो. उरलेले श्रेय नियंत्रित तापमानाच्या बर्फाला, अंगाला चिकटून बसणाऱ्या पोशाखाला आणि अर्थातच बिजागरीला. उंचीचा हा हात केवढा आहे, हे पुढील इतिहासावरून कळते: विश्वविक्रम शानी डेव्हिस याने २००५ साली सॉल्ट लेक सिटीतच मोडला, परंतु २०२२ पर्यंत समुद्रसपाटीच्या जवळ किंवा मध्यम उंचीवर झालेल्या ऑलिंपिकमध्ये विजेत्यांना ती वेळ गाठता आली नाही, २०१८ साली केल्ड न्यूस १:०७.९५ आणि २०२२ साली टोमास क्रोल १:०७.९२ घेऊन विजेते झाले. अशा वेळांची परस्पर तुलना करून पिढ्यांची प्रतवारी लावणारे लेख प्रत्येक ऑलिंपिकच्या वेळी प्रसिद्ध होतात आणि ते सारखेच निरर्थक असतात.

२००६ च्या ट्यूरिन ऑलिंपिकमध्येही तो धावला. त्यानंतर त्याने प्रशिक्षकाचे काम स्वीकारले, आणि कारकिर्दीचा हा दुसरा भाग पहिल्याइतकाच वजनदार ठरला. १० फेब्रुवारी २०१४ रोजी सोची येथे त्याचे शिष्य असलेले जुळे भाऊ मिशेल आणि रोनाल्ड मुल्डर यांनी ५०० मीटरचे सुवर्ण आणि कांस्य मिळवले. त्या अंतरातील डच पुरुषांचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण. दोघांच्या मध्ये त्यांचाच देशबांधव यान स्मेकेन्स होता. निकालफलकावर क्षणभर त्याच्या नावापुढे पहिला क्रमांक झळकला, त्याने हात उंचावले, आणि दुरुस्त निकालात मिशेल मुल्डर ६९.३१२ व स्मेकेन्स ६९.३२४ असा क्रम लागला. दोन धावा मिळून सहस्रांशांच्या पातळीवर झालेला हा निवाडा कालमापन कसे होते, या प्रश्नाकडे नेतो आणि त्याचे उत्तर दोन परिच्छेदांत आटोपणारे नाही. त्यामुळे हेरेनफेनच्या थियाल्फ रिंगणातील बर्फ कसा तयार होतो, याविषयीचा लेखांक, ज्याचे आश्वासन यापूर्वीच दिले गेले आहे, आणखी एक आठवडा पुढे जात आहे.