तंत्रपदविकेचे कर्ज आणि तंत्रपदविकेची मिळकत: घोटी परिसराच्या संदर्भात एक विचार

शिक्षणावर होणारा खर्च हा उपभोग मानावयाचा की भांडवली गुंतवणूक, हा प्रश्न अर्थशास्त्रात जुनाच आहे. खर्चून शिक्षण घेतलेल्या माणसाची तुलना ॲडम स्मिथने १७७६ सालीच मौल्यवान यंत्राशी केली होती. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० च्या आपल्या अध्यक्षीय भाषणात व गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ग्रंथात या कल्पनेस शास्त्रीय रूप दिले. त्यानंतर ‘मानवी भांडवल’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. परंतु यंत्र विकत घेणारा कारखानदार आणि मुलास तंत्रनिकेतनात पाठविणारा भातशेतकरी यांच्यात एक मोठा भेद राहतो. कारखानदाराचे यंत्र बंद पडले तर ते विकता येते, तारण ठेवता येते. अर्धवट राहिलेली पदविका मात्र विकताही येत नाही आणि तारणही ठेवता येत नाही. तिच्यासाठी काढलेले कर्ज मात्र पूर्णच फेडावे लागते.

नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील घोटी हे गाव या प्रश्नाच्या विचारास विशेष सोयीचे आहे. मुंबई-आग्रा महामार्ग व मध्य रेल्वे यांच्यावर ते वसले असून भाताची बाजारपेठ व भात गिरण्या यांसाठी प्रसिद्ध आहे. महामार्गावर नाशिककडे जाताना गोंदे येथे कारखाने लागतात. इगतपुरीत महिंद्राचा इंजिन कारखाना आहे. सिन्नर, अंबड व सातपूर येथील औद्योगिक वसाहतीही आवाक्यात आहेत. म्हणजे एकाच कुटुंबात बाप आवणीच्या चिखलात आणि मुलगा कारखान्याच्या पाळीत, असे दृश्य येथे अपवादात्मक नाही. शेती व कारखाना यांच्या दरम्यान जो पूल आहे तो तंत्रशिक्षणाचा, आणि त्या पुलावरचा पथकर कोण, केव्हा व कशातून भरतो हे पाहणे अगत्याचे आहे.

दहावीनंतर मुख्यतः दोन वाटा फुटतात. पहिली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे बोलीतील आयटीआयची. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली; तीत फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट हे व्यवसाय दोन वर्षांचे, तर वेल्डरचा एक वर्षाचा आहे. शासकीय संस्थेतील शुल्क इतके अल्प असते की तेथे कर्जाचा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. दुसरी वाट तीन वर्षांच्या पदविकेची. अमेरिकेत १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे ज्या प्रकारच्या संस्थेचा आरंभ झाला आणि जिला पुढे सामुदायिक महाविद्यालय हे नाव पडले, तिच्या दोन वर्षांच्या औद्योगिक तंत्रपदवीशी आपल्याकडे सर्वांत जवळचे नाते या पदविकेचेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून सामुदायिक महाविद्यालयांची योजना राबविली खरी. तथापि कारखान्याच्या दारात विचारली जाते ती पदविकाच. शासकीय तंत्रनिकेतनात जागा मिळाली तर खर्च आटोक्यात राहतो. खासगी संस्थेत शुल्क, वसतिगृह किंवा रोजचा प्रवास, हे सर्व धरल्यास कर्जाचा विचार सुरू होतो.

येथे वेळेचा एक मुद्दा सहसा दुर्लक्षिला जातो. शुल्काची मागणी पावसाळ्यात येते. त्याच सुमारास बियाणे, खत व आवणीची मजुरी यांत शेतकऱ्याची रोकड अडकलेली असते. इंद्रायणीचे भात बाजारात येऊन पैसा हाती पडावयास सोंगणीनंतरची दिवाळी उजाडावी लागते. शिष्यवृत्तीची रक्कमही प्रवेशाच्या दिवशी हाती नसते. परिणामी चार महिन्यांची जी फट पडते ती उसनवारीने वा सावकाराकडून बुजविली जाते, आणि या रकमेचे व्याज बँकेच्या कोणत्याही हिशोबात दिसत नाही. शिवाय आवणीला घरचा एक हात कमी झाला तर त्याच्या जागी मजूर लावावा लागतो. सोळा वर्षांच्या मुलाची ‘बुडालेली मिळकत’ ती हीच. कारखान्याची मजुरी या वयात धरणे सयुक्तिक नाही, कारण अठरा वर्षांखालील मुलास धोकादायक कामावर ठेवण्यास कायद्याची मनाई आहे.

बँकेच्या कर्जाचेही स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. केंद्राची २००९ ची शैक्षणिक व्याज-अनुदान योजना बारावीनंतरच्या अभ्यासक्रमांसाठी होती. दहावीनंतर तंत्रनिकेतनात गेलेला विद्यार्थी तिच्या कक्षेबाहेर राहिला. जो लवकर कामाला लागू इच्छितो त्यालाच सवलत नाही, ही विसंगती लहान नव्हे. २०१५ च्या कौशल्य कर्ज योजनेने आयटीआय व तंत्रनिकेतने यांचा समावेश केला आणि मर्यादा ५,००० ते १,५०,००० रुपये ठेवली. २०२४ मध्ये ती साडेसात लाखांपर्यंत वाढविण्यात आली. या कर्जास तारण लागत नाही. इगतपुरीसारख्या तालुक्यात, जेथे आदिवासी खातेदारांच्या जमिनीच्या हस्तांतरणावर १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाची बंधने आहेत, तेथे या तरतुदीचे मोल अधिक आहे.

आता एक उदाहरण घेऊ. त्यातील वेतने व दर केवळ गृहीत धरलेले आहेत. ते कोणत्याही पाहणीचे निष्कर्ष नव्हेत. तीन वर्षांच्या आरंभी प्रत्येकी ५०,००० रुपये उचलले, व्याजाचा दर दसादशे १० आणि पदविकेनंतर एक वर्ष फेडीची सवलत, असे मानले तर चौथ्या वर्षाच्या अखेरीस सरळव्याज ४५,००० होऊन बोजा १,९५,००० रुपयांचा होतो. पाच वर्षांत फेडावयाचा झाल्यास मासिक हप्ता सुमारे ४,१४३ रुपये पडतो आणि एकूण फेड २,४८,६०० च्या आसपास जाते. सात वर्षांची मुदत घेतल्यास हप्ता ३,२३७ पर्यंत उतरतो, परंतु एकूण फेड २,७१,९०० वर चढते.

हप्त्याची तुलना पगाराशी करण्याची रीत आहे. ती चुकीची आहे. तुलना करावयाची ती पदविकेमुळे वाढलेल्या पगाराशी. समजा, पदविकाधारकास आरंभी १४,००० व त्याच्याच गावच्या अकुशल सोबत्यास १२,००० मिळतात. वाढ मात्र पहिल्याची वर्षाला ८ टक्के आणि दुसऱ्याची ४ टक्के. पहिल्या वर्षी फरक २,००० चा, म्हणजे हप्त्याच्या निम्म्याहूनही कमी. तिसऱ्या वर्षी तो ३,३५० होतो. चौथ्या वर्षी ४,१३८. हप्ता गाठावयास अजूनही पाच रुपये कमीच! पाच वर्षांत फरकाची बेरीज सुमारे २,०५,६०० भरते, फेड मात्र २,४८,६०० ची झालेली असते. त्यात सवलतीच्या वर्षाचा भाग मिळवावयास हवा. शिकाऊ उमेदवारीच्या २०१९ च्या नियमांत पदविकाधारकाचे किमान विद्यावेतन दरमहा ८,००० रुपये ठरविले गेले. तेच या वर्षी मिळाले असे धरले आणि अकुशल सोबती त्या वर्षी साडेअकरा हजार मिळवीत असला, तर आणखी ४२,००० ची तूट. ही सर्व भरून निघते ती नोकरीच्या सातव्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात. मुलाचे वय तेव्हा सव्वीस वर्षांचे असते, आणि त्याच्या लग्नाचा खर्च तोपर्यंत कोणी थांबवून ठेवीत नाही.

या हिशोबाचा सारा भार वाढीच्या दरावर आहे, आरंभीच्या पगारावर नाही. पदविकाधारकाची वाढही ४ टक्क्यांवर थांबली, जसे कंत्राटदारामार्फत कामावर असलेल्यांच्या बाबतीत घडू शकते, तर पाचव्या वर्षीही फरक २,३४० च्या आसपासच राहतो व कर्ज कधी भरून निघेल हे सांगणे कठीण होते. कंत्राटी कामातील खंड हा दुसरा धोका. १४,००० पगारावर वर्षभर काम मिळाल्यास हप्ता मिळकतीच्या ३० टक्के होतो. दोन महिने घरी बसावे लागले तर साडेपस्तीस. बँकेचा हप्ता बारमाही असतो, काम तसे असेलच असे नाही. आणि तिसरा धोका अभ्यासक्रमातच आहे: दुसऱ्या वर्षी गणितात वा यंत्रशास्त्रात नापास होऊन एक वर्ष गेले, तर १० टक्के दराने वाढत्या मुद्दलाचे व्याज आणि एका वर्षाची मिळकत, दोन्ही एकदम अंगावर येतात.

यावरून पदविका टाळावी असा अर्थ निघत नाही. आयटीआय करून पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेता येतो. ही वाट चार वर्षांची, म्हणजे एका वर्षाने लांब. पण दोन वर्षांनी हाती प्रमाणपत्र पडते, तेथे थांबावे लागले तरी काही हातचे जात नाही, आणि कर्जाची उचल तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची राहते. वरील उदाहरणाच्या दराने ती १,००,००० ची होऊन, सवलतीचे वर्ष धरूनही, सरळव्याज २५,००० पर्यंतच जाते आणि हप्ता सुमारे २,६५६ रुपयांवर येतो. शिकाऊ उमेदवारीच्या काळात व्याज दरमहा भरले, तर तोही आणखी उतरतो. घोटीच्या एखाद्या घरात कोणती वाट परवडेल हे ठरविताना संस्थेच्या माहितीपत्रकातील सर्वोच्च पगारापेक्षा तिच्या मागील तुकड्यांतील किती जण पाच वर्षांनंतर कायम नोकरीत आहेत, याची चौकशी अधिक उपयोगी ठरेल. ती माहिती तेथील माजी विद्यार्थ्यांकडे एखाद्या रविवारीच मिळू शकते.