संगमावरील नावा आणि स्नान करणारे

महाशिवरात्रीस मुक्ताबाई-चांगदेवांच्या यात्रेला खानदेशांतील कुटुंबेंच्या कुटुंबें तापी-पूर्णेच्या संगमावर जमतात. हतनूर धरणामुळें येथें पाणी विस्तीर्ण पसरलें आहे. ज्या पाण्यांत यात्रेकरू बुड्या मारतात त्यांतच नावाही चालतात. वल्ह्याच्या नावेची गति मंद, नावाड्याची एक हांक पुरे होई. यंत्राची नाव असली म्हणजे गोष्ट निराळी. नावाडी बहुधा मागें बसतो, पुढें उतारू दाटीनें उभे; पोहणाराचें मस्तक त्याला नारळाएवढें दिसतें, आणि ऊन पाण्यावर चमकूं लागलें कीं तेवढेंही नाहीं!

इकडे बुडी मारलेल्यास यंत्राचा आवाज ऐकूं येतो, पण कोणीकडून येतो तें उमगत नाहीं. ध्वनि हवेंत सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, पाण्यांत सुमारें १५००. त्यामुळें तो दोन्ही कानांस जवळजवळ एकदमच पोंचतो. मग डोकें वर काढावें तरी कोठें?

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी घेऊन खेळणारे व नुसतें पोहणारे एकाच समुद्रांत उतरतात. तेथें तांबड्या-पिवळ्या निशाणांमधील जागा पोहणारांसाठीं राखलेली असते. फळीवाल्यांस तेथें मज्जाव. आमच्या घाटांवरही बांबू रोवून व दोरास रंगीत पिंपें बांधून हें साधेल. घाटाजवळ यंत्र बंद करून वल्ह्यानेंच नाव लावावी, हा उपाय आम्हांस अधिक पसंत आहे. त्यास खर्चही नाहीं. तोंवर मुलें पाण्यांत असतांना वडील मंडळींपैकीं एकानें नावांच्या बाजूकडे तोंड करून कांठावर उभें राहावें, आणि बुड्यांच्या पैजा लावूं देऊं नयेत.